वेग घटतो, डावपेच टिकतात

'एज ऑफ एम्पायर्स' (१९९७), 'स्टारक्राफ्ट' (१९९८) या संगणकीय युद्धखेळांत बुद्धिबळासारखी आळीपाळीने चाल नसते. साधनसंपत्ती, बांधकाम, सैन्य सारे एकाच वेळी सांभाळावे लागते. 'स्टारक्राफ्ट'च्या तिन्ही फौजा वेगळ्या, पण तुल्यबळ. 'स्टारक्राफ्ट २'च्या ३,३०५ खेळाडूंवरील २०१४च्या कॅनडातील अभ्यासात प्रतिसादाचा वेग २४व्या वर्षापासून घटताना दिसला. मोठ्या वयाचे खेळाडू ही उणीव सोप्या युक्त्यांनी भरून काढतात.

माउस, कीबोर्ड आणि दीर्घ सराव मागणारे हे खेळ मोबाइलच्या लाटेत मागे पडले. नंदुरबार-शहाद्यातही मुलांच्या हाती फोनच दिसतो. खेळ कोणताही असो. झोप, अभ्यास बिघडूनही वर्षभर तो आवरता येत नसेल, तर तो जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेला 'गेमिंग डिसऑर्डर' असू शकतो. मुलावर रागावण्याऐवजी डॉक्टरांना दाखवावे.