फुकटची वीज आणि गेलेली नोकरी



मी लष्कराच्या सिग्नल्समधून कर्नल म्हणून निवृत्त झालो आणि आता इंदूरला असतो. बी.एस्सी.नंतर शिकलो ते सगळं तारा, बॅटऱ्या आणि एक्सचेंज यांच्या संगतीत. त्यामुळे ओळखीचे लोक मला दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, इंधनाशिवाय चालणारं जनरेटर खरंच असतं का, की कंपन्या आणि सरकार ते दडपून ठेवतात? दुसरा, या नव्या यंत्रांमुळे आमच्या मुलांच्या नोकऱ्या जाणार का? बरीच वर्षं मी या दोन प्रश्नांना दोन वेगळी उत्तरं देत होतो. बऱ्हाणपूरच्या एका फेरीनंतर ते बदललं. म्हणून आज दोन्ही विषय एकत्र घेतो.

बऱ्हाणपूरचं यंत्र

आमच्या युनिटमध्ये एक हवालदार होते, मूळचे बऱ्हाणपूरकडचे मराठी. २०१८ साली त्यांचा फोन आला. "साहेब, एक यंत्र बघायला याल का? एकदा सुरू केलं की वीज लागत नाही. मुलाचे चार माग त्यावर चालतील. बयाणा दिलाय, बाकीचे पैसे द्यायच्या आधी तुमची नजर पडू दे."

गेलो. एका शेडमध्ये लोखंडी सांगाड्यावर मोटर, पट्टा, साधारण पन्नास किलोचं जड चाक आणि दुसऱ्या टोकाला अल्टरनेटर. चालकाने मोटरला वीज दिली, चाक वेगात आलं, मग सगळ्यांसमोर प्लग काढून हवेत धरला. समोरचे दहा एलईडी बल्ब पेटलेलेच! लोकांनी टाळ्या वाजवल्या. तीन मिनिटांनी त्याने यंत्र थांबवलं आणि चहा मागवला.

मी खिशातून पेन काढून कागदावर हिशेब मांडला. तो तुम्हालाही सांगतो, कारण तो कुठेही उपयोगी पडेल. पन्नास किलोचं, दोन फूट व्यासाचं भरीव चाक मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर त्यात सुमारे २८ हजार ज्यूल ऊर्जा साठलेली असते. ऐकायला मोठी वाटते, पण विजेच्या बिलात जे एक युनिट लिहिलेलं असतं ते ३६ लाख ज्यूलचं. म्हणजे चाकात एका युनिटचा शंभरावा भागही नाही. नऊ वॅटचे दहा बल्ब त्यावर फार तर पाच मिनिटं चालतील. घर्षण धरलं तर त्याहून कमी. म्हणून प्रयोग तीन मिनिटांचा होता.

ते म्हणतात, अल्टरनेटरची वीज परत मोटरला देतो. देऊन बघा. मोटरला १०० दिले तर लहान मोटर ८०च्या आसपास फिरवण्याचं काम करते. त्या ८०तून अल्टरनेटर साधारण ६४ परत देतो. पुढच्या फेरीत ६४चे ४१ होतात. बल्ब लावायच्या आधीच दिवाळं निघतं. मध्ये चुंबक लावा, आणखी चाकं लावा, गळती वाढते.

मी चालकाला एवढंच म्हणालो, "प्लग काढून रात्रभर चालू ठेवा. मी इथेच खुर्ची टाकून बसतो." त्यावर तो पेटंटची गुपितं, मोठ्या कंपन्यांचे हेर असं बरंच बोलला. रात्रभर यंत्र चालवायला मात्र तयार झाला नाही.

लबाडी वेगळी, चूक वेगळी

हा मोह जुना आहे. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी आऱ्यांमध्ये पारा भरलेल्या, आपोआप फिरणाऱ्या चाकाचं वर्णन केलं आहे. युरोपातही अशी चाकं शेकड्यांनी झाली. इतकी, की १७७५ साली फ्रेंच विज्ञान अकादमीने असे प्रस्ताव यापुढे तपासणारच नाही असं ठरवलं. आपल्या १९७०च्या पेटंट कायद्यातही कलम ३ मध्ये स्पष्ट आहे की प्रस्थापित निसर्गनियमांच्या उघड विरोधात जाणाऱ्या दाव्याला पेटंट मिळत नाही.

तुमच्यापैकी अनेकांना रामर पिल्लै आठवत असतील. तमिळनाडूच्या या माणसाने १९९६ साली पाण्यात वनस्पती टाकून पेट्रोल बनवल्याचा दावा केला. दिल्लीत मोठमोठ्या मंडळींसमोर प्रयोग झाला, देशभर बातम्या आल्या. पुढे त्याने ते इंधन विकलंसुद्धा. सीबीआयने तपास केला आणि २०१६ साली चेन्नईच्या न्यायालयाने त्याला तीन वर्षांची शिक्षा सुनावली. त्या काळात माझ्या मेसमध्येही 'गोऱ्यांना आपला माणूस बघवत नाही' असं म्हणणारे शिकलेले अधिकारी होते. खरं सांगायचं तर त्यांत काही दिवस मीही होतो.

पण प्रत्येक वादग्रस्त शोध म्हणजे फसवणूक, असंही समजू नका. २३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात फ्लाइशमन आणि पॉन्स या दोन रसायनशास्त्रज्ञांनी जाहीर केलं की जड पाण्यात पॅलेडियमचा इलेक्ट्रोड ठेवून वीज सोडली की अणूंचं संमीलन होऊन जास्तीची उष्णता मिळते. यालाच शीत संमीलन म्हणतात. फ्लाइशमन हे रॉयल सोसायटीचे फेलो, नावाजलेले माणूस. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्रात पी. के. अय्यंगार यांच्या पुढाकाराने लगेच प्रयोग झाले आणि न्यूट्रॉन व ट्रिटियम सापडल्याची नोंदही तिथल्या गटांनी केली. पण जगभरच्या बहुतेक प्रयोगशाळांना तो परिणाम हुकमी मिळवता आला नाही. युटा राज्याने पन्नास लाख डॉलर देऊन उभी केलेली संस्था १९९१ मध्ये बंद पडली. गूगलच्या पैशाने तीसेक संशोधकांनी २०१५पासून पुन्हा कसून तपासलं आणि २०१९ साली 'नेचर'मध्ये लिहिलं की शीत संमीलनाचा पुरावा मिळाला नाही. यात दडपशाही कुठे दिसते? उलट तीस वर्षांनी पुन्हा पैसे घालून संधी दिली गेली.

फरक ओळखायची खूण सोपी आहे. प्रामाणिक माणूस कृती जाहीर करतो आणि 'तुम्ही करून बघा' म्हणतो. दुसरा 'माझ्याच शेडमध्ये, माझ्याच हाताने, तीनच मिनिटं' म्हणतो आणि आधी पैसे मागतो.

हवालदारांचा प्रश्न

मी हा सगळा हिशेब हवालदारांना समजावला. त्यांनी शांतपणे ऐकलं. उरलेले पैसे त्यांनी दिले नाहीत. बयाण्याचे चाळीस हजार मात्र गेलेच. परत येताना गाडीत ते म्हणाले, "साहेब, हे यंत्र खोटं आहे हे तुम्ही सांगितलंत. पण आजवर जी खरी यंत्रं आली, त्यांनी मला काय दिलं?"

मी गप्प बसलो, कारण त्यांचं आयुष्य मला माहीत होतं.

ऐंशीच्या दशकात आमच्या छावणीत हाताने कॉर्ड लावायचा टेलिफोन बोर्ड होता आणि हे त्यावरचे ऑपरेटर. घंटी वाजली की आवाजावरून माणूस ओळखायचे. रात्री दोन वाजता कुणाच्या घरून फोन आला तर आधी त्याला धीर द्यायचे, मग लाईन जोडायचे. नव्वदीत स्वयंचलित एक्सचेंज आलं. ते बसवणारा अधिकारी मीच. उद्‌घाटनाच्या दिवशी मला शाबासकी मिळाली. त्यांना स्टोअरमध्ये पाठवलं गेलं.

पुढे ते निवृत्त झाले आणि गावी एसटीडी बूथ टाकला. गंमत बघा, देशात ट्रंक कॉल जोडणाऱ्या ऑपरेटरची गरज ज्या स्वयंचलित यंत्रणेने कमी केली, तिनेच गल्लोगल्ली पिवळ्या पाटीचे बूथ उभे केले. अपंग व्यक्ती आणि माजी सैनिक यांच्यासारख्या अनेकांना त्यातून रोजगार मिळाला. म्हणून यंत्र नोकरी खातंच, असं सरसकट म्हणता येत नाही. पण मग मोबाईल आला आणि काही वर्षांत बूथ ओस पडले. हवालदार एका एटीएमवर रात्रीचे पहारेकरी झाले. आठेक वर्षांनी तिथे कॅमेरे बसले, दूर कुठेतरी एका खोलीतून देखरेख सुरू झाली आणि ठेकेदाराने त्यांना फोनवर सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

एका माणसाला तीनदा बाजूला व्हावं लागलं, आणि तिन्ही यंत्रं खरी होती. चौथं यंत्र त्याच्या घरचे माग फुकट चालवणार होतं. त्याच्यावर विश्वास ठेवायला तो का तयार झाला, हे मला त्या गाडीत कळलं.

गाळलेला रकाना

इंग्लंडमध्ये १८११-१२ साली यंत्रं फोडणाऱ्या लुडाइट कामगारांना आपण अडाणी म्हणतो. ते तर कसबी विणकर होते. घसरणारी मजुरी आणि हलका माल ही त्यांची तक्रार होती. सरकारने यंत्र फोडणाऱ्याला फाशीचा कायदा केला. गांधीजींनाही लोक यंत्रविरोधी समजतात, पण शिलाई मशीनला त्यांनी अपवाद केला होता. यंत्र माणसाच्या हाती आहे की माणूस यंत्राच्या, हे ते पाहत होते.

आपल्याकडेही उदाहरण आहे. साठच्या दशकात कलकत्त्याला आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी संगणक कार्यालयात येऊ नये म्हणून पहारे दिले. बँकांमध्येही मोठा विरोध होता. पण १९८३ साली बँक संघटना आणि व्यवस्थापन समोरासमोर बसले आणि यंत्रं कुठे, किती येतील याचा करार झाला. संगणक आले आणि बँकेचा कारकून रस्त्यावर आला नाही, कारण तो त्या टेबलावर होता. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यातही, यंत्रसुधारणेमुळे कामगारकपात होण्याची शक्यता असेल तर २१ दिवस आधी नोटीस द्यायची तरतूद होती. एटीएमचा पहारेकरी मात्र कागदावर बँकेचा नव्हताच, ठेकेदाराचा होता. त्याला कोण नोटीस देणार?

इथे दोन्ही विषय एकत्र येतात. फुकट विजेचं यंत्र दाखवणारा आत गेलेल्या ऊर्जेचा रकाना लपवतो. नवं यंत्र बसवणारे आम्ही लोक बचतीचा रकाना भरतो आणि ज्याचं काम गेलं त्याचा रकाना गाळतो. माझ्या एक्सचेंजच्या अहवालात किती मनुष्यबळ वाचलं हे होतं. ते मनुष्यबळ पुढे कुठे गेलं, हे नव्हतं.

म्हणून माझी विनंती अशी. कुणी फुकट ऊर्जेचं यंत्र दाखवलं तर रात्रभर चालवायला सांगा आणि मीटर तुमचा लावा. आणि तुम्ही स्वतः दुकानात, कारखान्यात, सोसायटीच्या गेटवर यंत्र बसवणार असाल, तर ज्याचं काम जाणार आहे त्याला निदान काही महिने आधी सांगा. होणाऱ्या बचतीतला एक हिस्सा त्याला नवं काम शिकवायला ठेवा. आमच्या सोसायटीत गेटवर स्वयंचलित अडसर बसवायचा ठराव आला, तेव्हा मी हेच मांडलं. बरीच वादावादी झाली. शेवटी दोन पहारेकऱ्यांपैकी एकाला पंप आणि विजेची देखभाल शिकवायची, असं ठरलं. दुसऱ्यासाठी अजून काही जमलेलं नाही.

बऱ्हाणपूरचे हवालदार आता मुलाच्या मागांवर सूत भरतात. मागांना वीज कंपनीचीच लागते आणि बिल दर महिन्याला येतं. मध्यंतरी फोनवर म्हणाले, "साहेब, आता बिनसुताऱ्याचे माग आलेत म्हणे. बघायला याल का?"

पुढच्या महिन्यात जाणार आहे. हिशेबाचा कागद या वेळी दोन्ही रकान्यांचा असेल. तिथे काय दिसलं ते पुढच्या एखाद्या भागात सांगेन.

जय हिंद.