फ्रान्सिस, असीसीचा संत

(११८१ किंवा ११८२ – ३ ऑक्टोबर १२२६). मध्ययुगीन ख्रिस्ती संत व फ्रान्सिस्कन संघाचा संस्थापक. जन्म मध्य इटलीतील अंब्रिया प्रदेशात असीसी येथे, एका सधन कापडव्यापाऱ्याच्या कुटुंबात. बाप्तिस्म्याच्या वेळचे त्याचे नाव जोव्हान्नी; तथापि वडील प्येत्रो दी बेर्नार्दोने यांनी त्याला ‘फ्रान्चेस्को’ म्हणजे फ्रेंच असे संबोधण्यास प्रारंभ केला व तेच नाव रूढ झाले. व्यापारानिमित्त त्यांचे फ्रान्सशी निकटचे संबंध होते. फ्रान्सिसचे तारुण्य चैनीत व शौर्य गाजविण्याच्या स्वप्नात गेले. १२०२ मध्ये असीसी आणि पेरूजा या नगरांत झालेल्या लढाईत तो पकडला गेला व सुमारे एक वर्ष बंदिवासात होता. सुटकेनंतरच्या दीर्घ आजारात त्याच्या वृत्तीत पालट होऊ लागला. स्वतः फ्रान्सिसने मात्र आपल्या मृत्युपत्रात या परिवर्तनाचे मूळ कुष्ठरोग्यांच्या सहवासात असल्याचे नमूद केले आहे. पूर्वी ज्यांच्या दर्शनानेही किळस येई, त्यांच्यात राहिल्यावर कडू वाटणारे गोड झाले, असा त्याच्या कथनाचा आशय आहे. १२०६ च्या सुमारास वडिलांनी पैशाच्या अपव्ययाबद्दल त्याला बिशपसमोर उभे केले, तेव्हा त्याने अंगावरील वस्त्रेही उतरवून त्यांच्या स्वाधीन केली आणि घराशी असलेला संबंध तोडला.

लवकरच त्याच्याभोवती अनुयायी जमू लागले. १२०९ च्या सुमारास पोप तिसरा इनोसंट याने त्यांच्या जीवनक्रमास तोंडी मान्यता दिली. हे लोक स्वतःस ‘कनिष्ठ बंधू’ म्हणवीत. जुन्या मठवासी संघांतील साधू वैयक्तिक दृष्ट्या निर्धन असले, तरी त्यांच्या मठांच्या मालकीच्या जमिनी व उत्पन्ने असत. फ्रान्सिसचा आग्रह असा, की व्यक्तीप्रमाणे संघाचीही कोणतीच मालमत्ता असू नये. बंधूंनी पैशास स्पर्शही न करता अंगमेहनतीवर आणि ती न मिळाल्यास भिक्षेवर जगावे. पुढील दोन शतकांचा कलह याच आग्रहातून उद्‌भवला. १२१२ मध्ये असीसीतील क्लेअर ही कुलीन तरुणी त्याच्या मार्गास लागली व तिच्यापासून स्त्रियांचा स्वतंत्र संघ निर्माण झाला.

पाचवे धर्मयुद्ध चालू असता १२१९ मध्ये फ्रान्सिस ईजिप्तमध्ये दमिएत्ता येथे गेला आणि युद्धरेषा ओलांडून सुलतान अल्-कामिल यास भेटला. दोघांत काय संभाषण झाले, याविषयी नंतरच्या कथांत अद्‌भुतरम्य भर पडलेली आहे. सुलतानाने त्याला सुखरूप परत पाठविले, एवढे निश्चित. या भेटीपेक्षाही १२२१ च्या नियमावलीतील एक प्रकरण अधिक बोलके आहे. मुस्लिमांत जाणाऱ्या बंधूंनी प्रथम वादविवाद न करता, सर्वांशी नम्र राहून केवळ आपण ख्रिस्ती असल्याचे सांगावे. उपदेश ईश्वरी इच्छा दिसेल तेव्हाच करावा, असे त्यात म्हटले आहे. १२२३ मध्ये पोप तिसरा होनोरियस याने संमत केलेल्या अंतिम नियमावलीत हा भाग उरला नाही.

१२२४ मध्ये ला व्हेर्ना या पर्वतावर ध्यानमग्न असता फ्रान्सिसच्या देहावर ख्रिस्ताच्या क्रूसावरील जखमांसारख्या पाच खुणा उमटल्या, अशी परंपरा आहे. जवळजवळ अंधत्व आले असता त्याने अंब्रियन बोलीत ‘सृष्टीचे स्तोत्र’ रचले. सूर्यास बंधू, चंद्रास भगिनी व मृत्यूसही भगिनी म्हणणाऱ्या या रचनेपासून इटालियन काव्याचा आरंभ मानण्याची प्रथा आहे.

मृत्यूनंतर दोन वर्षांच्या आत, १६ जुलै १२२८ रोजी, पोप नववा ग्रेगरी याने त्यास संतपद दिले व दुसऱ्याच दिवशी असीसी येथे त्याच्या नावे उभारावयाच्या भव्य बासिलिकेची कोनशिला बसविली. झोपडीत राहू इच्छिणाऱ्या माणसाचे हे स्मारक त्याच्या काही निकटच्या सहकाऱ्यांना रुचले नाही. मृत्युपत्रात फ्रान्सिसने नियमांचा अर्थ फिरविण्यास व पोपकडून सवलती मागण्यास मनाई केली होती. १२३० मध्ये त्याच ग्रेगरीने हे मृत्युपत्र बंधनकारक नसल्याचा निर्णय दिला. हजारो सदस्य व विद्यापीठांतील अध्यापक असलेला संघ झोपडीतून चालविणे अवघड होते, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. संघप्रमुख बोनाव्हेंचर याने नवे अधिकृत चरित्र लिहिले आणि १२६६ मध्ये संघाने पूर्वीची चरित्रे नष्ट करण्याचा आदेश काढला. सुदैवाने त्याची अंमलबजावणी पूर्ण झाली नाही. टॉमस ऑफ चेलानो याने लिहिलेली चरित्रे त्यामुळेच वाचली. कठोर अपरिग्रहवादी ‘आध्यात्मिक’ पंथाचा छळ झाला. १३१८ मध्ये मार्से येथे त्यांपैकी चौघांना जाळण्यात आले. ख्रिस्त व त्याचे शिष्य यांची काहीच मालमत्ता नव्हती, हे मतच १३२३ मध्ये पोप बाविसावा जॉन याने पाखंड ठरविले. उंबेर्तो एको याच्या ‘द नेम ऑफ द रोझ’ (१९८०) या कादंबरीची पार्श्वभूमी हीच आहे.

या कलहाचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. याच मतासाठी इटलीत कैद भोगलेला तोलेंतीनोचा टॉमस हा सुटकेनंतर आर्मेनियात व अखेर भारतात आला. १३२१ च्या एप्रिलमध्ये ठाणे येथे काझीसमोर इस्लामविषयी झालेल्या वादानंतर त्याचा व त्याच्या तीन सोबत्यांचा वध झाला. अवशेष सोपारा येथे पुरण्यात आले. पुढे पोर्देनोनेचा ओदोरिक हा प्रवासी ते चीनला घेऊन गेला. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन आले ते पोर्तुगीज सत्तेबरोबर. त्यांनी बोरिवलीजवळील मंडपेश्वर लेण्याचे चर्चमध्ये रूपांतर केले. जुने गोवे येथील त्यांचे चर्च अद्याप उभे आहे. दमिएत्ताच्या नि:शस्त्र भेटीशी या राजाश्रयी धर्मप्रसाराचा मेळ बसत नाही.

आधुनिक काळात फ्रान्सिसची प्रतिमा चर्चबाहेरही घडली. प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक पॉल साबातिये याने लिहिलेल्या चरित्रात चर्चने जखडलेला मुक्त आत्मा असे त्याचे दर्शन घडते. १८९४ मध्ये रोमने ते निषिद्ध ग्रंथांच्या सूचीत घातले, पण मूळ साधनांचा चिकित्सक अभ्यास त्यामुळेच वेगाने सुरू झाला. १९३९ मध्ये फ्रान्सिस इटलीचा पालक संत ठरला आणि १९७९ मध्ये पोप दुसरा जॉन पॉल याने त्यास परिस्थितिविज्ञानाचा पालक संत घोषित केले. १९८६ मध्ये विविध धर्मांचे प्रमुख शांततेच्या प्रार्थनेसाठी असीसी येथे जमले. २०१३ मध्ये कार्डिनल बेर्गोल्यो याने पोप होताना हे नाव प्रथमच धारण केले व २०१५ च्या पर्यावरणविषयक पत्रास ‘सृष्टीच्या स्तोत्रा’तील शब्दांचेच शीर्षक दिले.

फ्रान्सिसच्या नावावर सर्वाधिक प्रसिद्ध असलेली ‘शांतिप्रार्थना’ मात्र त्याची नाही. ती १९१२ मध्ये पॅरिसच्या एका नियतकालिकात निनावी छापली गेली. त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरातील चर्मपत्रे दोनच ठिकाणी सांभाळलेली आहेत : एक असीसीत, दुसरे स्पोलेतो येथे. दोन्ही त्याने आपला सोबती बंधू लिओ याच्यासाठी लिहिली होती.