संकेतस्थळ घडताना (भाग ४) : आराखडा खात्यांचा नव्हे, कामांचा

संकेतस्थळ कुणासाठी, हे एकदा ठरलं की पुढचा प्रश्न येतो तो मांडणीचा. कोणता मजकूर कुठे ठेवायचा, कशाला कशाच्या पोटात घालायचं? बहुतेक संस्था इथे सोपी वाट धरतात. विभागप्रमुखांची बैठक होते, प्रत्येकाकडून ‘आपापली माहिती’ मागवली जाते आणि जेवढे विभाग तेवढी मेन्यूत नावं येतात. मेल्विन कॉनवे या संगणकतज्ज्ञाने १९६८ मध्येच लिहून ठेवलं होतं, की संस्था जी रचना घडवते तिच्यात त्या संस्थेच्या अंतर्गत संपर्कव्यवस्थेचीच नक्कल उतरते. ही नक्कल जाणीवपूर्वक टाळायला हवी आणि येणारा माणूस जे काम घेऊन येतो त्यावरून आराखडा काढायला हवा, असं माझं ठाम म्हणणं आहे. नगरपालिकेच्या उदाहरणावर ते पडताळून पाहू, कारण तिच्याशी प्रत्येकाचा कधी ना कधी संबंध येतोच.

समजा, घरातला कर्ता माणूस गेला आणि राहतं घर त्याच्या नावावर होतं. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. मग प्रमाणपत्र घ्यायचं, ते जोडून मालमत्ता कराच्या नोंदीत वारसांची नावं लावायची, नळजोडणीही नावावर करून घ्यायची. कुटुंबाच्या दृष्टीने हे एकच प्रकरण असतं. पालिकेत मात्र ते सहसा तीन ठिकाणी विखुरलेलं असतं : प्रमाणपत्र आरोग्य विभागाकडे, घराची नोंद करआकारणीकडे, नळ पाणीपुरवठ्याकडे. म्हणजे खात्यांच्या यादीतून वाट काढणाऱ्या त्या घरातल्या मुलीला आधी पालिकेचा कारभार शिकावा लागतो. कर विभागाच्या पानावर पोहोचल्यावर मालमत्ता हस्तांतरणाच्या दोन सेवा दिसतात, एक ‘दस्तऐवजाच्या आधारे’ आणि दुसरी ‘वारसा हक्काने’. भलतीच निवडली की अर्ज परत. कामावरून आखलेल्या स्थळावर याऐवजी ‘घरात कुणाचं निधन झालं असल्यास’ असं एकच पान असेल. तिथे तिन्ही कामं करायच्या क्रमाने येतील, प्रत्येकापुढे कागदपत्रं असतील आणि ‘घर विकत घेतलं की वारशाने आलं?’ हे अर्ज उघडण्याआधीच विचारलेलं असेल.

ब्रिटनने हे देशपातळीवर करून दाखवलं. मार्था लेन फॉक्स यांनी २०१० मध्ये सरकारी संकेतस्थळांचा आढावा घेऊन आमूलाग्र बदल सुचवला. त्यातून ‘गव्हर्नमेंट डिजिटल सर्व्हिस’ उभी राहिली. ऑक्टोबर २०१२ मध्ये गव्ह डॉट यूके सुरू झालं आणि २०१४ अखेरपर्यंत तीनशेहून अधिक सरकारी संस्थांची स्थळं त्यात सामावली गेली. सुरुवात वापरणाऱ्याच्या गरजेपासून करायची, सरकारच्या नव्हे, हे त्यांचं पहिलं तत्त्व. मृत्यूनंतरच्या कामांचं पायरीपायरीने नेणारं पान तिथे खरोखर आहे. बँकांच्या सुट्ट्यांचं पान उघडलं, तर पुढची सुट्टी कधी, हे सर्वांत वर मोठ्या अक्षरांत दिसतं. ना प्रास्ताविक, ना कुणाचा संदेश. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडच्या सुट्ट्या वेगळ्या, म्हणून तेवढी फोड केलेली, बाकी काही नाही.

तिथे पैसा आणि तज्ज्ञ होते, आमच्या नगरपालिकेला हे कसं परवडणार, असं कुणी म्हणेल. पण यातला महत्त्वाचा भाग मांडणीचा आहे, खर्चाचा नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार सेवांची यादी, प्रत्येकीची कालमर्यादा, अर्जाचा नमुना, शुल्क, पदनिर्देशित अधिकारी आणि दोन्ही अपिलीय अधिकारी ही माहिती सूचनाफलकावर आणि संकेतस्थळावर लावावीच लागते. प्रत्येक सेवेच्या पानाचा सांगाडा कायद्याने आयता दिला आहे. शेवटच्या कोपऱ्यातल्या एका लांबलचक तक्त्यात तो कोंबायचा, की ज्याच्या त्याच्या पानावर वाटून द्यायचा, एवढंच ठरवायचं उरतं.

दुसरा आक्षेप जबाबदारीचा आहे. विभागवार मांडणी मोडली तर मजकूर अद्ययावत कोण ठेवणार? चिंता रास्त आहे, पण पान कुणी सांभाळायचं आणि ते वाचकाला कुठे सापडायचं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पानाची मालकी कर विभागाचीच राहू द्या, तळाशी जबाबदार अधिकाऱ्याचं पदनाम आणि शेवटच्या बदलाची तारीख असू द्या. विभागांची यादीही जाऊ नये. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ (१) (ब) खालचे १७ मुद्दे प्रसिद्ध करावेच लागतात, आणि कारभारावर लक्ष ठेवणाऱ्या नागरिकाला ते लागतात. फक्त दाखल्यासाठी आलेल्या माणसाला त्या वाटेने जायला लावू नये.

तिसरा आक्षेप आजकाल सर्रास ऐकू येतो : लोक गूगलवरून थेट पानावर येतात, मग मेन्यूची एवढी चिंता कशाला? उलट, म्हणूनच आराखडा अधिक काटेकोर हवा. आडवाटेने आलेल्या वाचकाला आपण कुठे आहोत, आधी काय करायला हवं होतं आणि नंतर काय करायचं, हे त्याच पानावर कळलं पाहिजे. शिवाय शोधयंत्राला सापडण्याजोगा मजकूर आधी असावा लागतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉण्टमध्ये टाइप केलेल्या पीडीएफमधला मजकूर आपल्याला मराठी दिसतो, पण यंत्राच्या लेखी ती रोमन अक्षरांची निरर्थक जुळणी असते. असं परिपत्रक शोधात येणं अवघडच.

मग लोकांची कामं कोणती, हे कसं ओळखायचं? त्यासाठी चौकशीच्या खिडकीवर वारंवार येणारे प्रश्न लिहून घ्यावेत, त्रुटी काढून परत पाठवलेले अर्ज चाळावेत, स्थळावरच्या शोधचौकटीत लोक काय टाइप करतात ते पाहावं. त्यातून निघालेले विषय एकेका चिठ्ठीवर लिहून पालिकेबाहेरच्या काही जणांना त्यांचे गट पाडायला सांगावेत. मेन्यूचा मसुदा अशा गटांतून उभा राहतो. तो कागदावर असतानाच एखाद्या नागरिकाला एक काम द्यावं आणि ती व्यक्ती पहिलं बोट कुठे ठेवते ते पाहावं. ती चुकली तर तिला समजावत बसायचं नाही, मेन्यू बदलायचा. कागदावरची ही खाडाखोड फुकट असते. स्थळ सुरू झाल्यावर मात्र प्रत्येक चुकीची किंमत पालिकेत हेलपाटे घालणारा नागरिक मोजतो.

(पुढील भागात : एका पानावर काय लिहावं, काय गाळावं)