चाळ पडली की दिसणारे दगड

लालबागच्या जमिनीत रूपांतरित खडक सापडत नाही. खाली आहे तो दख्खनचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसॉल्ट. तरी रूपांतरित खडक ओळखायला शिकायचं, तर पुनर्विकासासाठी पाडलेल्या चाळीबाहेरच्या डेब्रिजसारखी शाळा नाही. ओटे, उंबरे, मोरीच्या लाद्या, देव्हाऱ्याखालच्या फरश्या तिथे एकत्र पडतात, आणि मुख्य म्हणजे फुटून पडतात. पॉलिशखाली दगडाचा पोत दबतो. ताज्या फुटलेल्या कडेवर तो उघडा होतो.

मी सोबत भिंग, चाकू आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची छोटी बाटली ठेवतो. पण पहिलं काम डोळ्यांचं: दगडात पापुद्रे किंवा पट्टे आहेत का? जमिनीत खोलवर दाब आणि उष्णता वाढली की चपटी खनिजं एका दिशेला रांगेत लागतात. चिखलाच्या खडकाची अशी पाटी होते. आंध्रातल्या मार्कापूरची पाटी घेऊन आपल्या कितीतरी पिढ्या अक्षरं गिरवायला बसल्या. तापमान आणखी वाढलं की अभ्रक डोळ्यांना दिसू लागतं, तो सुभाजा. त्याहीपुढे फिकट आणि गडद खनिजं वेगळी होऊन पट्टे पडतात, तो पट्टिताश्म. अनेक घरांतला ‘ग्रॅनाइट’चा ओटा खरा हाच असतो. ‘काश्मीर व्हाइट’ तर तमिळनाडूचा. त्यातले तांबडे ठिपके गार्नेटचे, आणि तेच त्याच्या रूपांतराची साक्ष देतात.

पट्टे नसतील तर चाकू काढायचा. संगमरवर आणि क्वार्टझाइट दोन्ही पांढरे, दोन्ही फुटल्यावर खडीसाखरेसारखे चमकतात. संगमरवरावर चाकूचा ओरखडा उठतो. क्वार्टझाइटवर उठत नाही, उलट त्यानेच काचेवर ओरखडा येतो. मकराण्याच्या संगमरवरावर आम्लाचा थेंब पडताच फेस येतो. राजनगरचा डोलोमाइटी संगमरवर मात्र थेंबाला फारशी दाद देत नाही. खरवडून भुकटी केली की तीवर हलके बुडबुडे दिसतात.

फेस आला म्हणजे संगमरवर, असं मात्र नाही. मोरीचा कोटा आणि मांडणीचा काळा कडप्पाही फेसाळतात. ते चुनखडक, त्यांचे कण इतके बारीक की भिंगातही चमक सापडत नाही. रूपांतर झालंय की नाही, हे अखेर कणच सांगतात.

मला सर्वांत आवडतो तो ‘ग्रीन मार्बल’. मिस्त्री त्याला मार्बलच म्हणतो, पण उदयपूरजवळच्या केसरियाजीचा हा दगड सर्पेंटिनाइट आहे, मॅग्नेशियमने भरलेल्या खडकात पाणी शिरून बदललेला. हिरव्या भागावर थेंब टाकावा, काही होत नाही. शेजारच्या पांढऱ्या शिरेवर टाकावा, तर पुष्कळदा ती फसफसते. एकाच तुकड्यात दोन उत्तरं, म्हणून थेंब कुठे टाकला हे वहीत लिहून ठेवावं लागतं.

लालबागमधून गणपतीला सिंधुदुर्गात जाणाऱ्यांना रूपांतरित खडक त्यांच्या मूळ जागी भेटतात. वेंगुर्ल्याखाली रेडीला लोहखनिजाचे आणि सिलिकेचे पट्टे एकाआड एक दिसतात. ते दाबाने पडलेले नव्हेत. समुद्रतळावर थर साचले तेव्हाचेच आहेत, रूपांतर त्यानंतरचं.