बैलाच्या तोंडाचं भांडं : ग्रीसचं ‘ऱ्हायटन’ आणि नाशिकचं गोमुख काय सांगतात?

त्र्यंबकेश्वरहून ब्रह्मगिरीच्या पायऱ्या चढत गंगाद्वारला गेलं की गोदावरीचं पाणी गोमुखातून येताना दिसतं. खरं तर पाणी नुसत्या कपारीतूनही झिरपलं असतं. पण ते गाईच्या मुखातून आलं की भाविक ओंजळ पुढे करतात आणि त्या पाण्याचं तीर्थ होतं. अनेक देवळांत अभिषेकाचं पाणी बाहेर पडतं, तिथेही गाईचं किंवा मकराचं तोंड कोरलेलं असतं.

प्राण्याच्या तोंडातून आलेलं पाणी किंवा मद्य साधं राहत नाही, ही कल्पना फक्त आपल्याकडची नाही. प्राचीन ग्रीक जगात तर खास त्यासाठी भांडी घडवली जात. त्यांना ‘ऱ्हायटन’ म्हणतात. ‘वाहणं’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून हा शब्द आला आहे.

ऱ्हायटन म्हणजे नेमकं काय?

सर्वांत प्रसिद्ध नमुना क्रीट बेटावरच्या क्नोसोस इथला आहे. उत्खनन करणारे आर्थर इव्हान्स यांना तिथे काळसर दगडात कोरलेलं बैलाचं डोकं सापडलं. डोळ्यात स्फटिक आणि नाकपुड्यांभोवती पांढऱ्या शिंपल्याची कड आहे. ते सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं आहे, म्हणजे ग्रीकांच्याही आधीच्या मिनोअन संस्कृतीचं.

ही नुसती मूर्ती नाही. मानेच्या मागे एक भोक आहे आणि दुसरं तोंडाशी. वरून द्रव ओतला की तो बैलाच्या तोंडातून बाहेर पडे. क्रीटमधल्याच हागिया त्रियादा इथल्या एका रंगवलेल्या शवपेटीवर बळी दिलेला बैल दिसतो आणि त्याचं रक्त खाली ठेवलेल्या भांड्यात जमा होताना दाखवलं आहे. ही दोन चित्रं शेजारी ठेवली की ऱ्हायटनचा अर्थ उलगडू लागतो. बळीच्या वेळी जे घडतं, तेच हे भांडं पुन्हा घडवून दाखवतं.

त्याआधी १८७६ मध्ये हाइनरिश श्लीमान यांना मायसीनीच्या कबरींत असंच बैलाचं डोकं मिळालं. ते चांदीचं असून शिंगं आणि कपाळावरचं फूल सोन्याचं आहे.

मग ती पिण्याची भांडी कशी झाली?

इ. स. पूर्व पाचव्या शतकात ग्रीकांची इराणी साम्राज्याशी युद्धं झाली. प्लाटियाच्या लढाईनंतर (इ. स. पूर्व ४७९) इराणी छावणीतून सोन्याचांदीचे पेले लुटीत मिळाल्याचं हिरोडोटसने नोंदवलं आहे. इराणी दरबारात प्राण्यांच्या आकाराच्या पेल्यांची मोठी परंपरा होती. त्याच शतकात अथेन्सच्या कुंभारांनी मेंढा, गाढव, कुत्रा यांच्या डोक्यांचे मातीचे पेले घडवायला सुरुवात केली. काही पेले तर अर्धे मेंढ्याचे, अर्धे गाढवाचे!

यातल्या बहुतेक पेल्यांना तोंडाशी भोक नसे. पण त्यांना बूडही नसे. भरलेला पेला खाली ठेवता येत नसे, तो रिकामाच करावा लागे. शिवाय पिणाऱ्याने पेला तोंडाला लावला की समोरच्याला त्याच्या चेहऱ्याच्या जागी मेंढा किंवा गाढव दिसे. मद्यपानाच्या बैठकीतली ही गंमत होती. पण दारू पोटात गेल्यावर माणसात कोणतं जनावर जागं होतं, याची आठवणही त्यात होती.

कोणत्या प्राण्याचा काय अर्थ?

बैल हा मोठ्या यज्ञबळीचा प्राणी, झ्यूस आणि पोसायडन यांना वाहिला जाणारा. गाढव हे मद्याचा देव डायोनायसस याच्या लवाजम्यातलं. मेंढ्याचा संबंध हर्मीसशी, तर घुबड अथीनाचं. इ. स. पूर्व सातव्या शतकात कॉरिंथच्या कुंभारांनी घुबडाच्या आकाराच्या इवल्याशा सुगंधी तेलाच्या कुप्याही केल्या.

पण अशी यादी पाठ करून प्रत्येक भांड्याचा अर्थ लागत नाही. तेच घुबड देवळात सापडलं तर ते देवीला वाहिलेलं असू शकतं, आणि मुलाच्या कबरीत सापडलं तर त्याचं आवडतं खेळणं. अर्थ आकारात जेवढा असतो, तेवढाच ते भांडं कुठे आणि कशासोबत होतं यातही असतो.

नाशिकचा ग्रीकांशी काही संबंध?

आहे, पण भांड्यांतून नाही. पांडवलेणीतल्या १७ क्रमांकाच्या लेण्यात एक शिलालेख आहे. धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त, उत्तरेकडचा, दत्तामित्री इथला ‘योनक’ म्हणजे यवन, याने त्रिरश्मी डोंगरात हे लेणं, चैत्यगृह आणि पोढी खोदवून घेतल्या. ग्रीक वंशाच्या लोकांना आपल्याकडे यवन म्हणत. नाव आणि धर्म इथला झाला तरी ओळख टिकून होती. त्याने नाशिकला जे दिलं, त्यात पाण्याच्या टाक्याही आहेत.

म्हणून गोमुख ग्रीकांकडून आलं असं मात्र म्हणता येत नाही. पाण्याला प्राण्याचं मुख देण्याची कल्पना दोन ठिकाणी स्वतंत्रपणेही सुचू शकते. साम्य म्हणजे उसनवारी नव्हे.

त्या काळात गोदावरीच्या खोऱ्यात काय होतं?

१९५०-५१ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी नाशिकची मातीची गढी आणि संगमनेरजवळचं जोर्वे इथे उत्खनन केलं. तिथे मिळालेली लाल रंगाची, काळ्या नक्षीची, तोटीची भांडी आता ‘जोर्वे संस्कृती’ची खूण मानली जातात. मायसीनीच्या भरभराटीच्या काळात ही माणसं दख्खनमध्ये शेती करत होती. त्यांच्याकडे लिपी नव्हती, त्यामुळे त्यांच्या श्रद्धा समजायला वस्तूंचाच आधार आहे.

दोन शोधांची तुलना डोळे उघडणारी आहे.

पहिला शोध पुणे जिल्ह्यातल्या इनामगावचा. डेक्कन कॉलेजच्या उत्खननात एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणाची पेटी मिळाली. पेटीत मस्तक नसलेली स्त्रीमूर्ती होती. वर दुसरी स्त्रीमूर्ती आणि एक बैल होता. बैलाच्या पाठीला भोक होतं आणि बिनमस्तकाच्या मूर्तीच्या पोटालाही. काडी घातली की मूर्ती बैलावर बरोबर बसते. देवी, तिचं वाहन आणि घरातली पूजा, असा अर्थ अभ्यासकांना लावता आला, कारण हे सगळं जागच्या जागी, एकत्र मिळालं.

दुसरा शोध आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादचा. १९७४ मध्ये एका गावकऱ्याला झुडपाचं मूळ खणताना हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ अशी चार भरीव शिल्पं मिळाली. त्यांचं वजन ६० किलोहून जास्त आहे. कलाकृती म्हणून ती इनामगावच्या बैलापेक्षा कितीतरी भव्य आहेत. पण ती उत्खननात थरासकट मिळाली नाहीत. त्यामुळे ती उत्तर हडप्पाकाळातली की नंतरची, यावर वाद झाला. मिरवणुकीतली होती का, पूजेतली होती का, हेही अनुमानच राहिलं.

आज याचं काय?

इनामगावचा तो बैल बाजारात सुटा विकायला आला असता, तर पोळ्याच्या मातीच्या बैलासारखं एक जुनं खेळणं एवढंच कोणी म्हटलं असतं. त्याची देवी हरवली असती.

गोदावरी-प्रवरेच्या काठच्या पांढरीत नांगराला आजही खापरं लागतात. अशी वस्तू दिसली तर ती उपसून घरी नेण्याऐवजी जागेवरच राहू द्यावी, फोटो काढावा आणि तहसील कार्यालयाला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवावं. जमिनीत सापडलेला मौल्यवान ऐवज जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं तर १८७८ च्या कायद्यानेच बंधनकारक आहे.

गंगाद्वारच्या गोमुखाचा अर्थ विचारायला आज हजारो भाविक आहेत. मातीतल्या बैलाचा अर्थ सांगायला मात्र त्याच्या भोवतीची माती तेवढी उरलेली असते.