आधी वजने की आधी धाव?

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० व १०० मीटर धाव आणि गोळाफेक असते. दम हवा, ताकदही हवी. नागपुरात तयारी करणाऱ्यांपुढे म्हणून क्रमाचा प्रश्न येतो. धावून थकलेल्या पायांनी वजन घेऊन बैठका मारल्या की उचलता येणारे वजन कमी होते, आवर्तने घटतात आणि पायांची ताकद सावकाश वाढते. आधी वजने उचलल्याने दम वाढायला मात्र फारशी बाधा येत नाही. दोन्हींचा मारा जबर असला तर ताकदीची वाढ काही आठवड्यांनी खुंटते, हे संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० मध्येच दाखवले. गोळाफेक कच्ची असल्यास आधी वजने घ्यावीत. नागपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात मात्र धाव पहाटे आणि वजने संध्याकाळी, हीच विभागणी उत्तम.