पूर्वसूचन

पूर्वसूचन म्हणजे पुढे घडणाऱ्या घटनेची चाहूल, ती उघडपणे न सांगता, आधीच लागू देणे. कथा, कादंबरी, नाटक व चित्रपट यांत ही एक रचनायुक्ती मानली जाते. दैनंदिन जीवनात तिचे नाते शकुन, लक्षणे, अंदाज व इशारे यांच्याशी जुळते. भाकितात भावी घटना स्पष्ट शब्दांत सांगितलेली असते. पूर्वसूचनात ती केवळ सुचवलेली असते व तिचा पूर्ण अर्थ घटना घडल्यावरच उलगडतो.

संस्कृत नाट्यपरंपरा

भरताच्या नाट्यशास्त्रात 'पताकास्थानक' ही संकल्पना आली असून तिचे चार प्रकार सांगितले आहेत. पात्र एका हेतूने बोलत असताना त्यातून अकस्मात दुसरा, पुढील कथानकाशी जुळणारा अर्थ सूचित होणे, हे तिचे सामान्य स्वरूप होय. भवभूतीच्या 'उत्तररामचरित' नाटकाच्या पहिल्या अंकात सीतेचा विरह तेवढा असह्य, असे राम म्हणतो. त्याच क्षणी प्रतिहारी येऊन 'आला आहे' अशा अर्थाची वर्दी देते. वर्दी दुर्मुख या हेराच्या आगमनाची असते, परंतु प्रेक्षकाला विरहच दाराशी आल्याचे जाणवते. दुर्मुखाने आणलेल्या लोकापवादाच्या वार्तेमुळेच पुढे सीतात्याग घडतो.

कालिदासाच्या 'अभिज्ञानशाकुंतल' नाटकात आश्रमात शिरताना दुष्यंताचा उजवा बाहू स्फुरतो. पाचव्या अंकाच्या आरंभी हंसपदिकेचे, भ्रमराच्या विस्मरणशीलतेला दोष देणारे गीत राजाच्या कानी पडते. शकुंतलेला ओळखण्यास तो थोड्याच वेळात नकार देणार असतो.

पंचवटीतील प्रसंग

वाल्मीकिरामायणाच्या अरण्यकांडातील सीताहरणाचा प्रसंग पंचवटीत घडतो. परंपरेनुसार हे स्थान नाशिक येथील गोदावरीकाठी मानले जाते. सुवर्णमृग पाहताच हा मायावी मारीच असावा, अशी शंका लक्ष्मण व्यक्त करतो. मारीचवधानंतर परतणाऱ्या रामाला कोल्ह्याची कर्कश ओरड ऐकू येते. रावणाचा कट श्रोत्याला आधीच ठाऊक असल्याने येथे पूर्वसूचनाचा हेतू रहस्य राखणे हा नसून, अटळ संकटाची व्याकुळता वाढवणे हा आहे.

मराठी नाटक

राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला' या नाटकाचे शीर्षकच सूचक आहे. 'एकच' या शब्दातील दिलासा खोटा ठरणार, हे प्रेक्षकाला सुधाकराच्या आधी कळते. नाशिक ही कर्मभूमी असलेल्या वि. वा. शिरवाडकर यांनी शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकावरून 'राजमुकुट' (१९५४) लिहिले. मूळ नाटकात चेटकिणींची भाकिते शब्दशः खरी ठरतात. मात्र नायकाने त्यांचा लावलेला अर्थ चुकतो. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट' (१९७०) नाटकात अप्पासाहेब बेलवलकर आरंभीच आपली संपत्ती मुलांना वाटून टाकतात. 'किंग लिअर' परिचित असलेल्या प्रेक्षकाला या औदार्यातच पुढील परवड दिसू लागते.

दैनंदिन जीवन

कावळा ओरडल्यास पाहुणा येतो, मांजर आडवे गेल्यास काम बिघडते, असे समज महाराष्ट्रात सर्वत्र आढळतात. 'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' ही म्हणही याच वृत्तीची द्योतक आहे. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला घटमांडणी करून पीकपाण्याचे भाकीत वर्तवण्याची प्रथा आहे.

याहून वेगळे उदाहरण नाशिकच्या गोदाघाटावरील दुतोंड्या मारुतीचे आहे. पाणी मूर्तीच्या गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत की गळ्यापर्यंत पोहोचले, यावरून नाशिककर पुराची तीव्रता ठरवतात. २०१६ व २०१९ च्या पुरांतही याच खुणेकडे लोकांचे लक्ष होते. गंगापूर धरणातून सोडलेले व नाल्यांतून येणारे पाणी शहरातून वाहत पुढे निफाड तालुक्यातील सायखेडा, चांदोरी या गावांकडे जाते. त्यामुळे येथील पातळी खालच्या गावांसाठी खरोखरच पूर्वसूचना ठरते.

शकुन, लक्षण व साहित्यिक सूचन

या तीन प्रकारांतील भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. दुतोंड्या मारुतीपाशी चढलेले पाणी हे लक्षण होय. त्याचा भावी घटनेशी कार्यकारणसंबंध असतो व तो पडताळता येतो. मांजराचे आडवे जाणे हा शकुन होय. त्यात असा संबंध नसतो. काम बिघडले तर मांजर आठवते, न बिघडल्यास विसरले जाते, त्यामुळे समज टिकून राहतो. साहित्यातील सूचनामागे लेखकाची योजना असते. भिंतीवर बंदूक दाखवली, तर ती पुढे उडालीच पाहिजे, या आशयाचे चेखॉव यांचे मत प्रसिद्ध आहे. जीवनात मात्र प्रत्येक बंदूक उडत नाही.

कथेचा हा नियम जीवनाला लावल्याने माणसांवर अन्याय झाला आहे. शुभकार्यात विधवेचे दर्शन अपशकुन मानण्याची रूढी हे त्याचे ठळक उदाहरण होय. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे यांसारख्या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला व त्यानंतर राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले.